शिटीनंतर काहीच होत नाही

९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

पत्रास कारण की, एवढं लिहून मी पेन बंद केलं आणि दोनदा चहा पिऊन आलो. कारण आहे, पण ते आज बाहेर पडेल असं वाटत नाही. तेव्हा आधी बाकीचं घे.

मी धड आहे. काम लागलंय. हसू नकोस, मी उंदरांकडे कामाला आहे. मोठी संस्था आहे, मेंदूचा अभ्यास करतात. तळमजल्यावर पांढऱ्या उंदरांचे तीनशे बारा पिंजरे आणि ते सांभाळायला दोन माणसं, मी आणि पिंजरेकाका. हे नाव मी ठेवलेलं नाही, आधीपासूनच आहे. ते त्यांच्या तोंडावर म्हणणारा मात्र मी पहिला. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, खाणं घालायचं, वरच्या मजल्यावर प्रयोग करणाऱ्या बाईंनी मागितलेले पिंजरे ढकलगाडीवरून हळू न्यायचे. हळू हा शब्द काका दिवसातून चाळीसदा म्हणतात. मला बघून सगळ्यांना तोच कसा सुचतो कोण जाणे.

आठवीतून पळालेल्याला संस्थेत कोण घेतं, असं तुला वाटेल. काकांनी एकच विचारलं, "उंदराला घाबरतोस का?"

म्हटलं, "बेकरीत वाढलोय. त्यांच्या पंगतीला जेवलोय."

"हे आणखी कोणाला सांगू नकोस," म्हणाले, "बेकरी बंद पडेल." आणि किल्ली हातात दिली.

हाताची प्लेट काढली का? मधली दोन बोटं वळतात का? ताटभर पाव उचलता येतात का? वहिनीला सांग, तू लिहिणार नसलास तर तिने लिहावं.

फोन करत नाही म्हणून ती चिडली असेल. माझा आवाज सध्या त्या घरात नको. अपघातानंतर आठव्या दिवशी न सांगता निघून आलो, त्याबद्दल तू जे म्हणशील ते कबूल. त्या दिवसाचं बाबा जे सांगतात ते सगळ्यांनी मानलंय, मग मी वेगळं काय लिहू.

भिंगरी

२ मार्च, रविवार

दादा,

वहिनीचं पत्र आलं. "तुझा दादा लिहिणार नाही" हे तिने तीनदा लिहिलंय, म्हणजे तू शेजारी बसून वाचत होतास.

बोटं अर्धी वळतात हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून नाही वाटलं. मोटर सुरू झाली की तुझे पाय जमिनीला चिकटतात, कपाळावर घाम येतो, आणि चार महिने झाले तू मळायच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीस. पीठ आता भाड्याचा माणूस मळतो आणि वहिनी म्हणते त्याचा पाव खाण्यापेक्षा त्यावर डोकं ठेवून झोपावं. बाबा वरच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसतात, कान गेले म्हणतात. कानाच्या डॉक्टरने तपासून कान उत्तम आहेत असं सांगितलं, तर बाबा म्हणाले, त्याचं मशीन खोटं बोलतं. हे वाचून मला हसू यायला हवं होतं.

इथे काकांनी विचारलं, तुझ्या भावाच्या हाताला झालं काय. मी त्यांना आपली पद्धत सांगितली. बटण दुकानात गल्ल्यामागे, मशीन आत, मध्ये भिंत. बाबा बटणापाशी उभे राहून ओरडणार, "हात?" आतून तू ओरडणार, "बाहेर." मग बटण. बावीस वर्षं असंच. त्या दिवशी तू मशीनच्या भांड्यात वाकून मळणाऱ्या आकड्याला चिकटलेलं पीठ खरवडत होतास, काही बोललाच नाहीस, आणि बाबांना मात्र "बाहेर" ऐकू आलं. एवढंच सांगितलं. काका म्हणाले, "बिचारे वडील."

आता उंदरांचं सांगतो, कारण त्यात तू आहेस. वर बाई एका डब्यात उंदीर ठेवतात. स्पीकरमधून शिटी वाजते, ती संपता संपता पायाखालच्या गजांतून चिमटा काढल्यासारखा करंट. तीन-चारदा झालं की नुसती शिटी ऐकून उंदीर थिजतो. पळत नाही, ओरडत नाही, मिशीसुद्धा हलवत नाही. वहिनीने तुझं जे लिहिलंय, अगदी तेच.

मग पुढचे दिवस नुसतीच शिटी. करंट नाही. शिटी, काही नाही. शिटी, काही नाही. हळूहळू उंदीर नाक हलवतो, मग पंजा, मग तोंड धुवायला लागतो. काका याला भीती विझवणं म्हणतात.

मी बाईंना विचारलं, "म्हणजे तो चिमटा विसरला?"

"नाही विसरला," म्हणाल्या. "जुनं आत तसंच आहे. त्याने त्याच्यावर आणखी एक गोष्ट शिकून ठेवली, की आता शिटीनंतर काही होत नाही. दोन्ही गोष्टी आत आहेत. कुठली वर येते, त्यावर सगळं."

बाई भरभर बोलतात आणि मधेच थांबून "समजलं का?" विचारतात, तेही भरभर. मला जे समजलं ते असं. मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. त्यांतून मिठासारखे कण आत-बाहेर करतात आणि त्यावरच पेशी बोलते किंवा गप्प बसते. बाई त्यांना आयन चॅनेल म्हणतात, मी दारं म्हणतो. त्यातलं एक दार पोटॅशियम बाहेर सोडतं. ते उघडलं की पेशी दोन शब्द बोलून गप्प. बाई औषधाने ते दार थोडा वेळ बंद ठेवतात. मग पेशी बोलतच राहते, शेजारणीला नीट ऐकू जातं, आणि रोज रोज बोलणं झालं की दोघींमधला सांधा पक्का होतो. कपाळामागे एक कोपरा आहे, तिथला सांधा पक्का झाला की उंदीर "आता काही होत नाही" हे लवकर शिकतो. असं बाईंना वाटतं. ते खरं का, हे बघायला तीनशे बारा पिंजरे.

मी म्हटलं, "एक थेंब माझ्या दादासाठी द्या."

"मी उंदरांची डॉक्टर आहे," म्हणाल्या. "हे माणसांना द्यायचं नाही. त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे ने."

म्हणजे वहिनीला सांग, मनाच्या डॉक्टरकडे ने.

भिंगरी

२३ मार्च, रविवार

दादा,

इथे मी एक घोळ घातला. तूच म्हणायचास ना, हा जिथे जाईल तिथे काहीतरी सांडेल.

बाईंचे अर्धे उंदीर औषधाचे, अर्धे नुसत्या मिठाच्या पाण्याचे. औषधवाल्यांनी लवकर शिकायचं, पाणीवाल्यांनी रडतखडत. गेल्या वेळेपर्यंत तसंच होत होतं. या वेळी पाणीवाले पहिल्याच दिवशी शिटी वाजली तरी खुशाल अंग खाजवत बसले. बाईंनी स्पीकर बदलला. करंट स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. औषधाची बाटली बदलली. मग चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मी पिंजरे न्यायला वर गेलो तर टेबलावर डोकं टेकून होत्या. म्हणाल्या, "वर्षभर मी चुकीच्या दारापाशी उभी आहे बहुतेक. मला बघताच येत नाही नीट."

मी गाडी घेऊन खाली आलो. बाटल्या धुवायला घेतल्या. आणि धुता धुता माझं मलाच ऐकू आलं.

तुला माहीत आहे माझं तोंड. जे ऐकलं ते लगेच तोंडात बसतं. वरची ती शिटी पहिल्या आठवड्यातच बसली होती, आणि दीड महिना मी भुसा बदलताना, खाणं घालताना तीच वाजवत होतो. पिलं असल्यापासून त्या उंदरांनी ती शिटी ऐकली होती, आणि शिटीनंतर काय, तर दाणे. ते वर जाऊन कशाला घाबरतील?

कोणालाच कळलं नसतं, दादा. काका स्वतः एका कानाने कमी ऐकतात. मी बाटली तशीच ठेवून जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. मग वर जाऊन म्हटलं, "बाई, तुमचा दुसरा स्पीकर मी आहे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. वाजवून दाखवली. त्यांनी ती यंत्रावर मोजली. त्यांच्या स्पीकरची आणि माझी रेघ एकावर एक बसली. मला वाटलं आता किल्ली मागतील.

"तीन आठवड्यांचं काम गेलं," म्हणाल्या. मग चष्मा पुसला. "पण तू बोलला नसतास तर मी जन्मभर स्वतःला खुळी समजले असते."

किल्ली माझ्याकडेच आहे. काकांनी दारावर पाटी लावली आहे, शिटी वाजवू नये, सोबत चित्र. चित्रातलं नाक माझं आहे असं सगळे म्हणतात.

पत्र इथेच संपवणार होतो. पण काल वहिनीचं दुसरं पत्र आलं. बाबांनी बेकरीला गिऱ्हाईक बघितलंय. ज्या बापाला "बाहेर" आणि गप्प यातला फरक ऐकू येत नाही त्याने बटणापाशी उभं राहू नये, आणि मुलाने त्या मशीनपाशी, असं म्हणाले. एप्रिलच्या मध्यात सह्या.

भिंगरी

२४ मार्च, सोमवार, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

कालच्या पत्राला तिकीट लावलं नव्हतं. दोन्ही एकाच पाकिटात घालतोय. बेकरी विकू नका. बाबांचे कान शाबूत आहेत.

"बाहेर" मी म्हटलं.

मी आतच, तुझ्यामागे भट्टीपाशी होतो. बाबा ओरडले, "हात?" तू काही बोलला नाहीस. मला वाटलं नेहमीप्रमाणे तंद्रीत असेल. उशीर होत होता, मला बाहेर जायचं होतं, कुठे ते आता आठवतही नाही. मी तुझ्या आवाजात म्हटलं, "बाहेर." तुझी नक्कल मी रोजच करायचो, गिऱ्हाइकंही हसायची. वळून भांड्याकडे पाहिलं नाही. फक्त मान वळवायची होती.

मग तू ओरडलास आणि बाबा आत धावले. ते सारखं एकच म्हणत होते, मला ऐकू आलं, मला बाहेर असं ऐकू आलं. तू म्हणालास, मी बोललोच नाही. दोघंही खरं बोलत होतात. मध्ये मी उभा होतो आणि माझं तोंड, जे झोपेतही बंद नसतं, ते बंद होतं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी बाबांनी दवाखान्यात सगळ्यांसमोर स्वतःच्या कानशिलात मारून घेतली. त्यानंतर सांगणं आणखी कठीण झालं, सोपं नाही. आठव्या दिवशी मी गाडीत बसलो.

फोन का करत नाही ते आता कळलं असेल. फोनवर माझा आवाज तुझ्यासारखा येतो. बाबांनी उचलला आणि फसले तर, ही एकच भीती.

हे बाबांना वाचून दाखव. तुला जमणार नसेल तर वहिनीला दे. माझ्यावर दया म्हणून लपवू नकोस.

तुझा भाऊ

२० एप्रिल, रविवार

दादा,

सव्वीस दिवस टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकून मी थिजत होतो. काका म्हणाले, तुलाच डब्यात ठेवायला पाहिजे.

वहिनीने सविस्तर लिहिलंय. तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, खिशात घातलंस, बारा दिवस कोणाशी बोलला नाहीस. "तुझ्या दादाने तुला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही, पत्र टपालातून जायचं आहे." मग तेराव्या दिवशी वर जाऊन बाबांपाशी बसलास. काय बोललात ते तिला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने रेडिओ बंद झाला. सह्या झाल्या नाहीत.

खाली तुझ्या हाताच्या दोन ओळी आहेत. "यायची घाई करू नकोस. मला अजून तुझं तोंड बघायचं नाही. पण त्या उंदरांचं पुढे काय झालं ते लिही." अक्षर वाकडं आहे. तू त्याच हाताने लिहिलंस ना?

पुढचं लिहितो. वहिनीने नेलं त्या मनाच्या डॉक्टरने तुला जे सांगितलं, हळूहळू, रोज, दुरून जवळ, तेच इथे चालतं. फक्त एक गोष्ट बाईंनी मुद्दाम सांगायला सांगितली आहे. एका खोलीत भीती विझलेला उंदीर ज्या खोलीत चिमटा बसला तिथे परत नेला, तर पुन्हा थिजतो. जागा बदलली की जुनी गोष्ट वर येते. म्हणजे अंगणात बसून मोटर ऐकणं चांगलं, पण शेवटी आतच जावं लागेल. तिथे थिजलास तर हरलास असं समजू नकोस. तो फक्त नवीन खोलीतला पहिला दिवस.

वहिनीच्या फोनवर एक आवाज पाठवलाय. आपल्या मोटरची घरघर, पट्टा सरकल्यावर येणाऱ्या त्या कुईं आवाजासकट. तोंडाने काढली आहे. यात कोणाचा हात जाऊ शकत नाही. आधी ती ऐक, मग खरी. पीठ नको, भांडं रिकामं ठेवा, तू दाराबाहेर.

नको असेल तर पुसून टाक. नक्कल करायची शपथ घेतली होती, पण मोटरची चालेल असं वाटलं.

भिंगरी

१ जून, रविवार

दादा,

"मोटर सर्दी झाल्यासारखी वाटते," एवढं तू लिहिलंस. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला दिसलं.

पण वहिनीच्या पत्राने तोंडचं पाणी पळालं. तू अंगणातून उंबऱ्यापर्यंत आलास, उंबऱ्यावरून आत आलास, मेच्या पहिल्या आठवड्यात मशीनला डावा हात लावून उभा राहिलास. मग मोटर दुरुस्तीला गेली, अडीच आठवडे सगळं बंद. आणि परवा ती बसवून बटण दाबलं तर तू पुन्हा भिंतीला पाठ लावून घामाघूम. आता म्हणतोस, केलं ते सगळं फुकट गेलं, बाबांना विकू दे.

मी सरळ बाईंकडे गेलो. त्या डबा खात होत्या. ऐकून मान हलवली. "अडीच आठवड्यांनी ना? यायलाच पाहिजे परत. माझ्या उंदरांचीही येते. नुसता वेळ गेला तरी जुनी भीती डोकं वर काढते."

"मग उपयोग काय?" मी जरा आवाज चढवला.

"दुसऱ्या वेळी पहिल्याइतके दिवस लागत नाहीत. सांधा एकदा झालेला असतो. भावाला विचार, पहिल्या वेळी उंबऱ्यापर्यंत यायला किती दिवस लागले, आणि आता किती लागतात ते मोज."

मोज, दादा. पहिल्या वेळी तेरा लागले होते, वहिनीच्या पत्रांवरून मी मोजलेत. आता किती ते लिही. सहाच्या आत आले तर बाई म्हणतात तसं आहे. नाही आले तर मी माझी किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवून बेकरी विकायला स्वतः येतो.

तू चालू ठेव. उद्यापासून नको, हे पत्र मिळेल त्या दुपारीच.

भिंगरी

१५ जून, रविवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर फक्त "चार" लिहिलंय. पोस्टमनने विचारलं, ही कसली भाषा. बाईंनी ते कार्ड मागून घेतलं आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्यांचे नवीन उंदीरही शिकताहेत, पाणीवाले रडतखडत, औषधवाले भराभर. दार बरोबर होतं.

हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. काल दुपारी मी दुकानात फोन केला. तू आत होतास म्हणून तुला नीट माहीत नसेल.

आधी चारदा नंबर लावून कापला. पाचव्यांदा बाबांनी उचलला. मी नुसतं "हॅलो" म्हटलं.

"भिंगरी," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हटलं, "कसं ओळखलंत? फोनवर आमचा आवाज एकच येतो."

"कोण म्हणतं? तू श्वास घ्यायच्या आधी बोलतोस. तुझा दादा तो घेतल्यावर बोलतो." मग म्हणाले, "त्या दिवशीही श्वास ऐकू आला नव्हता. मला थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. एवढं माझं. बाकीचं तुझं."

मागून घरघर येत होती. विचारलं, "आत कोण आहे?"

"तुझा दादा."

"पीठ घालून?"

"मग काय, वारा मळतोय? वीस किलो आहे. भाड्याच्या माणसाला कालपासून सुट्टी." मग म्हणाले की आता हाकेवर बटण दाबत नाहीत. उत्तर आलं तरी गल्ला सोडून आत जातात, तुझे दोन्ही हात डोळ्यांनी बघतात, परत येतात, मग दाबतात. गिऱ्हाइकं खोळंबतात. "खोळंबू देत," म्हणाले.

"थांब, त्याला बोलावतो," म्हणून निघाले, तर मीच म्हटलं, नको. पीठ अर्धवट सोडायला लावू नका, मग त्याचा दगड होतो. ऑगस्टात मला आठ दिवस सुट्टी आहे, तू ये म्हणालास तर तेव्हा समोर बसून बोलू.

"बरं," म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आम्ही दोघं काहीही न बोलता फोन कानाला धरून उभे राहिलो आणि तुझी मोटर ऐकत राहिलो, ती थांबेपर्यंत.

भिंगरी